आमची वाटचाल : चित्राच्या आधी वाचन

पुण्यातील सदाशिव पेठेत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत आमचा कथाचित्रांचा स्टुडिओ २०१२ साली सुरू झाला. आज आम्ही पाच जण येथे पूर्णवेळ काम करतो. मुलांची पुस्तके, शालेय पूरक पुस्तिका आणि दिवाळी अंकांतील कथाचित्रे ही आमची मुख्य कामे आहेत. कला महाविद्यालयातून बाहेर पडणारी मुले-मुली अनेकदा भेटायला येतात आणि ‘केवळ चित्रे काढून घर चालते का?’ असे विचारतात. चालते, पण कसे चालते हे दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे बालपण बार्शीत गेले. आजोबांना दिवाळी अंक जपून ठेवण्याची सवय होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सुतळीने बांधलेले गठ्ठे असत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते उन्हात पसरण्याचे काम माझ्याकडे असे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोन चित्रकारांची नावे मी अक्षर नीट वाचता येण्याआधी सहीच्या वळणावरून ओळखत होते. दोघेही मूळचे गोव्याचे, हे मात्र फार उशिरा कळले. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेल्या या परंपरेमुळे मराठी घरांत चित्रकाराचे नाव लेखकाच्या नावाबरोबर घेतले गेले. आमच्या व्यवसायाला मिळालेले हे भांडवल फार मोठे आहे, असे मला मनापासून वाटते.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या, बारावीनंतर पुण्यात उपयोजित कलेच्या पदवीला प्रवेश घेतला आणि २००६ साली पदवी मिळाली. त्या चार वर्षांनी मला हात दिला आणि नजर दिली. पहाटे मंडईत जाऊन भाजीवाल्यांची, रेल्वे स्थानकावर झोपलेल्या प्रवाशांची रेखाटने करायची, आठवड्याला शंभर रेखाटने दाखवायची, अक्षरांकनाच्या तासाला ‘अ’च्या एका वळणासाठी दुपार घालवायची, या सगळ्याचा उपयोग मी आजही रोज करते. कथाचित्राच्या तासाला मात्र गोष्ट बहुधा एका परिच्छेदाची असे. दीडशे पानांचे हस्तलिखित कसे वाचावे आणि त्यातील कोणता क्षण चित्रासाठी निवडावा, हे मला व्यवसायात पडल्यावर, चुका करत शिकावे लागले.

पदवीनंतर दोन वर्षे मी एका जाहिरात संस्थेत नोकरी केली. पगार सुरुवातीला साडेसहा हजार रुपये होता आणि काम मुख्यतः गृहप्रकल्पांच्या जाहिरातींची मांडणी करण्याचे होते. त्या नोकरीने मला छापखाना दाखवला, ही तिची मोठी देणगी आहे.

२००८ साली नोकरी सोडली आणि चित्रांची फाइल घेऊन अप्पा बळवंत चौक, नारायण पेठ, शनिवार पेठ असे प्रकाशकांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली. पहिले काम एका दिवाळी अंकाचे मिळाले : पाच कथा, प्रत्येकी एक चित्र, चित्राला चारशे रुपये. दिवाळी अंकाचे वेळापत्रक ज्याला माहीत नाही, त्याने या धंद्यात पडू नये. आषाढात कथा हाती येऊ लागतात, गणपतीच्या आत चित्रे द्यावी लागतात आणि त्यानंतरही संपादकांचा फोन येतो की एक कथा बदलली आहे, चित्र उद्या सकाळी हवे. मानधन जाहिरातींचे पैसे जमा झाल्यावर, म्हणजे दिवाळी उलटून महिना-दीड महिन्याने येते. ही त्या व्यवहाराची रीतच आहे. ती धरूनच आम्ही वर्षाचा हिशेब मांडतो आणि पावसाळ्यातील खर्चाची तरतूद उन्हाळ्यातील पुस्तकांच्या कामांतून करून ठेवतो.

आमच्या कामाची दिशा ज्या प्रसंगाने ठरली, तो २०१० मधील आहे. मुलांच्या एका गोष्टीच्या पुस्तकात पेरणीचा प्रसंग होता. ‘आई चाड्यावर मूठ धरून चालली होती आणि बाबा पाभर हाकत होते’ असे लेखकाने लिहिले होते. मी बार्शीची असले तरी आमच्या घरी शेती नव्हती. मी बैलजोडी काढली, मागे चालणारी बाई काढली, वर ढग काढले आणि बैलांच्या मागे नांगर काढला. चित्र देखणे झाले होते, प्रकाशकांना आवडले आणि तीन हजार प्रती छापून झाल्या. दोन महिन्यांनी सांगोला तालुक्यातील एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते की वर्गातील मुले चित्र पाहून विचारतात, नांगरामागे बी कुठे टाकायचे? पत्रासोबत वहीच्या कागदावर त्यांनी पाभरीची, म्हणजे पेरणीच्या अवजाराची, आकृती काढून पाठवली होती : वर लाकडी चाडे, त्याच्या भोकांतून खाली फणांपर्यंत उतरणाऱ्या नळ्या, आणि चाड्यावर हात कसा धरतात ते दाखवणारी मूठ, जिच्यातून बी अंदाजाने सुटत राहते.

मी त्या गुरुजींना फोन केला, क्षमा मागितली आणि पुढच्या मृगात त्यांच्या गावी जाऊन पेरणी पाहिली. बी सोडणाऱ्या बाईची पावले बैलांच्या चालीशी जुळलेली असतात, तिची नजर चाड्यावर असते, समोर नसते, आणि बियाण्याची ओटी कमरेला बांधल्यामुळे तिचे शरीर एका बाजूला किंचित झुकलेले असते. घरी बसून यातले काहीही मला सुचले नसते. दुसऱ्या आवृत्तीत ते चित्र मी मोबदला न घेता नव्याने काढून दिले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की हस्तलिखित तीनदा वाचून झाल्याशिवाय पेन्सिल हातात घ्यायची नाही : पहिल्यांदा नुसते वाचक म्हणून, दुसऱ्यांदा वस्तू, कपडे, झाडे, ऋतू आणि दिवसाची वेळ टिपून घेत, आणि तिसऱ्यांदा लेखकाने काय सांगितलेले नाही ते शोधत. कथाचित्राची खरी जागा या तिसऱ्या वाचनात सापडते, कारण मजकुरात असलेलेच पुन्हा काढले तर मुलाला चित्र पाहण्याचे कारण उरत नाही. गोष्टीत आजी रागावली आहे असे असेल, तर तिचा राग मजकुरात आहेच. चित्रात तिने नातवासाठी झाकून ठेवलेले ताट दाखवता येते.

२०१२ साली महाविद्यालयातील माझी एक वर्गमैत्रीण सोबत आली आणि आम्ही दोघींनी मिळून स्टुडिओ काढला. तिचे अक्षरांकन उत्तम होते आणि संगणकावर तिचा हात बसलेला होता. सुरुवातीची गुंतवणूक म्हणजे एक संगणक, चित्रे काढण्यासाठी एक वॅकॉमचा टॅबलेट, एक स्कॅनर आणि दोन मोठी टेबले. शॉप ॲक्टची नोंदणी, चालू खाते आणि भागीदारीचा करार हे सारे पहिल्याच महिन्यात केले. मैत्री आहे म्हणून कागद नको, असे आम्ही दोघींनीही कधी मानले नाही.

इतरांशी मात्र आम्ही बराच काळ तोंडी व्यवहार करत राहिलो आणि त्याची किंमत दुसऱ्याच वर्षी मोजावी लागली. एका पुस्तकासाठी काढलेली आमची सहा चित्रे पुढच्या जानेवारीत एका भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेली दिसली. चित्रांवरची सही कापलेली होती. विचारणा केल्यावर संबंधितांनी सांगितले, ‘पैसे दिले तेव्हाच चित्रे आमची झाली.’ आमच्याकडे दाखवायला एक चिठोरेही नव्हते. भांडण आम्ही पुढे नेले नाही, पण त्या महिन्यात एका वकिलांकडे बसून १९५७ चा कॉपीराइट कायदा समजून घेतला. कलाकृतीचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तिचा कर्ता असतो, परंतु नोकरीत असताना केलेले काम आणि मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेले चित्र यांच्या बाबतीत, वेगळा करार नसेल तर, मालकी दुसऱ्याकडे जाऊ शकते. म्हणजे कागद नसणे हे चित्रकारालाच महागात पडते. हक्क दुसऱ्याला द्यायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या लेखी करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हे मी पदवीच्या वर्षीच वाचले असते तर किती बरे झाले असते, असे आजही वाटते.

त्यानंतर आम्ही एक पानी करारपत्र तयार केले, तेही मराठीत, कारण समोरच्या संपादकाला ते चहा पिता पिता वाचता आले पाहिजे. त्यात चित्रांची संख्या, कोणत्या पुस्तकासाठी, किती वर्षांसाठी, छापील की डिजिटल, मूळ चित्रे कोणाकडे राहणार, चित्रकाराचे नाव कोणत्या पानावर येणार, कच्च्या रेखाटनाच्या टप्प्यावर किती दुरुस्त्या आणि पक्क्या चित्रानंतर किती, आणि चाळीस टक्के रक्कम आगाऊ, एवढेच असते. दोन-तीन जुनी कामे या कागदामुळे सुटली, हे खरे आहे. परंतु ज्यांनी सही केली त्यांच्याशी आमचे संबंध अधिक मोकळे झाले, कारण कोणाच्याच मनात काही अध्याहृत राहिले नाही. पुढे लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी केली. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, हे वाक्य आता आमच्या बिलाच्या तळाशी छापलेले असते. खुल्या परवान्याखाली निघणाऱ्या पुस्तकांचे कामही आम्ही आनंदाने करतो. चित्रे सर्वांना वापरता येतील हे तिथे आधीच सांगितलेले असते आणि चित्रकाराचे नाव सोबत राहते, त्यामुळे तक्रारीला जागा नसते.

दराबद्दल नव्या मुलांना फार उत्सुकता असते, म्हणून आमची पद्धत सांगते. सुट्या चित्राचा दर आम्ही केवळ अंकांसाठी ठेवला आहे. पुस्तकाचा दर पूर्ण पुस्तकाचा असतो. बत्तीस पानांच्या चित्रपुस्तकाला आम्हाला दहा ते बारा आठवडे लागतात. त्यातील पहिले दोन आठवडे वाचन आणि शोध यांत जातात, पुढचे तीन लहान आकाराच्या कच्च्या डमीत, म्हणजे पुस्तकाच्या नमुना प्रतीत, आणि उरलेले रंगकामात. दर सांगताना आम्ही हे आठवडे सांगतो. ‘तुमचे हात भरभर चालतात, मग इतके पैसे का?’ हा प्रश्न त्यामुळे फारसा येत नाही.

डमीचे महत्त्व मला एका छापखान्यातील ज्येष्ठ मशीनमननी शिकवले. आमच्या एका पुस्तकाचे पहिले शीट निघाले, त्यांनी ते उचलून मधोमध दुमडले आणि माझ्यासमोर धरले. ‘ताई, पोरीचा चेहरा घडीत चाललाय बघा,’ ते म्हणाले. संगणकाच्या पडद्यावर दोन पाने सपाट दिसतात. बांधणीनंतर मधला पाऊण सेंटिमीटर भाग आत ओढला जातो आणि नेमके तेथेच मी मुलीचे डोळे ठेवले होते. मग त्यांनी भिंग दिले आणि अक्षरांवर ठेवायला सांगितले. काळ्या मजकुराच्या कडेला निळी आणि गुलाबी झाक दिसत होती, कारण मी तो मजकूर निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या अशा चारही शायांत दिला होता. केवळ काळ्या शाईत दिला असता तर प्लेटा केसभर हलल्या तरी अक्षर स्वच्छ राहिले असते. त्या दिवशी मशीन थांबवून दोन पाने नव्याने केली आणि प्लेटांचा खर्च आम्ही सोसला. आता प्रत्येक पुस्तकाची डमी घरच्या प्रिंटरवर छापून, दुमडून, टाचून, एखाद्या मुलाच्या हातात देऊन पाहतो. पडद्यावर झगमगणारा हिरवा आणि निळा रंग कागदावर मंदावतो, म्हणून रंगांच्या पट्ट्याही त्याच कागदावर छापून भिंतीला लावल्या आहेत.

२०२० सालच्या टाळेबंदीने वर्षभराची घडी मोडली. काही दिवाळी अंक निघालेच नाहीत, काहींनी पाने कमी केली, आणि चित्रांवर सर्वांत आधी कात्री लागली. आम्ही त्या काळात कोणाला कमी केले नाही, पण आम्ही दोघींनी आठ महिने पगार घेतला नाही. इतर भाषांतील प्रकाशकांना डिजिटल फाइल पाठवण्याची सुरुवात तेव्हाच झाली. आज आमचे सुमारे एक तृतीयांश काम महाराष्ट्राबाहेरचे आहे. त्या कामांसाठी आम्ही मजकुराचा मराठी अनुवाद करून घेतो, कारण तीनदा वाचण्याचा नियम कळणाऱ्या भाषेतच पाळता येतो.

२०१६ पासून आम्ही दरवर्षी जून महिन्यात कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघांना तीन महिन्यांसाठी घेतो. त्यांना विद्यावेतन दिले जाते. फुकट काम करून घेणे आम्हाला मान्य नाही. पहिले दोन आठवडे ते चित्र काढत नाहीत, हस्तलिखिते वाचून टिपणे काढतात. काहींना याचा कंटाळा येतो आणि तसे ते सांगतातही. यंदा आलेल्या मुलीने मासेमारीच्या एका गोष्टीच्या टिपणात लिहिले की लेखकाने होडीचा प्रकार सांगितलेला नाही, जाळ्याचाही नाही, आणि ‘पहाट’ म्हणताना भरती होती की ओहोटी हे कळत नाही. आम्ही लेखकांना फोन लावून दिला आणि पाऊण तास ती त्यांच्याशी बोलत होती. पुढच्या आठवड्यात ती हर्णैच्या बंदरावर जाऊन आली. त्या पुस्तकाच्या श्रेयपानावर चित्रकार म्हणून स्टुडिओच्या नावासोबत तिचेही नाव असेल, आणि तसे करारपत्रात लिहिले आहे.