१९९४ चा बीटीसीसी १:२४ मध्ये: दोन अल्फा, एक व्होल्वो आणि पंखाची उंची

ठाण्यातला पाऊस एकदाचा ओसरला आणि रंगकामाला हात घालता आला. मागच्या नोंदीनंतरची प्रगती आधी सांगतो. दोन्ही अल्फा रोमिओ मॉडेलांच्या बॉडी रंगून तयार आहेत, एकीचा मागचा पंख (डिकीवरची आडवी पट्टी) बसलाय, दुसरीचा बसायचाय. व्होल्वो अजून प्रायमरवरच आहे आणि तिचा रोल केज, म्हणजे आतला पाइपांचा सुरक्षा-पिंजरा, टेबलावर वेगळा पडलाय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: १९९४ च्या ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपमधल्या (बीटीसीसी) तीन रेस गाड्यांची १:२४ मापाची, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाची मॉडेलं करतोय. त्यातल्या दोन एकाच ड्रायव्हरच्या, एकाच नंबराच्या, एकाच लाल रंगाच्या. "मग दोन कशाला?" हे घरात विचारून झालंय, आणि गेल्या वेळी तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून यावेळी उत्तर जरा सविस्तर देतो, कारण पुढचं सगळं काम त्या उत्तरावरच उभं आहे.

त्या वर्षी ग्रिडवर दहा कंपन्या होत्या. अल्फा रोमिओ, बीएमडब्ल्यू, फोर्ड, रेनॉ, व्हॉक्सहॉल, टोयोटा, निस्सान, प्यूजो, माझ्दा आणि नवखी व्होल्वो. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, ८,५०० आरपीएमची मर्यादा. गाडी दिसायला शोरूममधल्या गाडीसारखीच हवी. हवेच्या दाबाने गाडीला रस्त्यावर दाबून धरणारं काहीही लावायचं, तर ते रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीवर असलं पाहिजे, आणि तशा २,५०० गाड्या बनलेल्या असल्या पाहिजेत. बाकीच्यांनी हा नियम वाचला आणि पंखाचा विषय सोडून दिला. अल्फाने वाचला आणि १५५ सिल्व्हरस्टोन नावाची रस्त्यावरची आवृत्ती काढली. पुढचा स्प्लिटर (बंपरखालची आडवी पट्टी) दोन जागी बसू शकेल असा, मागचा पंख ब्रॅकेट लावून उचलता येईल असा. गंमत म्हणजे गिऱ्हाइकाला गाडी मिळायची तेव्हा हे वाढीव भाग डिकीत सुटे ठेवलेले असायचे. लावायचे तर लावा, नाहीतर राहू द्या.

अल्फाच्या गॅब्रिएले तारक्विनीने मोसमातल्या पहिल्या पाचही रेस मारल्या. थ्रक्स्टन, ब्रँड्स हॅचच्या दोन्ही, स्नेटर्टन, सिल्व्हरस्टोन. फॉर्म्युला वनमध्ये प्री-क्वालिफाइंगच्या, म्हणजे मुख्य पात्रता फेरीआधीच्या चाळणीच्या, रांगेत वर्षं घालवलेला हा माणूस इंग्लंडात येतो आणि आदल्या वर्षीचा विजेता योआखिम विंकेलहॉक, पॉल रॅडिसिच, जॉन क्लेलंड असल्या मुरलेल्यांना मागे टाकतो, म्हटल्यावर आरडाओरडा होणारच. तक्रारी झाल्या. मेच्या अखेरीस ओल्टन पार्कला अल्फाला सांगण्यात आलं, की पंख आणि स्प्लिटर खालच्या, आत सरकवलेल्या जागी ठेवूनच धावा. अल्फाने गाड्या ट्रकवर चढवल्या आणि निघून गेली. पुढे तडजोड निघाली: १ जुलैपर्यंत वाढीव अवस्था चालेल, त्यानंतर नाही.

माझं मत विचाराल तर नियमाचं पुस्तक अल्फाने इतरांपेक्षा नीट वाचलं होतं, एवढाच तिचा गुन्हा. पण डिकीत पडलेला सुटा भाग म्हणजे 'गाडीवर असलेला' भाग का, ही शंकाही अगदीच पोकळ नव्हती. असो. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने मुद्दा असा, की '१९९४ ची अल्फा' अशी एक गाडी नाहीच. तारीख ठरवल्याशिवाय पंख कुठे चिकटवायचा तेच कळत नाही. म्हणून एक गाडी मेमधल्या सिल्व्हरस्टोनची, पंख वर. दुसरी ऑगस्टमधली, पंख खाली. दोन्ही शेजारी ठेवल्या की मोसमाची अर्धी गोष्ट बोलल्याशिवाय कळते.

काढता-घालता येणारा पंख करून एकाच गाडीवर भागवावं, असंही सुचवलं गेलं. करून चालत नाही. १:२४ मध्ये खऱ्या गाडीवरचे २४ मिलिमीटर म्हणजे फक्त एक. काढघाल करायची तर सांध्यात जी फट लागते, तीच ब्रॅकेटच्या जाडीच्या निम्मी होते आणि डिकीच्या कडेवर काळी रेघ दिसते. स्प्लिटर सरकता करणं तर त्याहून अवघड, बंपरच्या पोटात जागाच नाही.

आता कामाचं. तामियाचा १:२४ मधला १५५ चा किट सर्वांना ठाऊक आहे, पण ती डीटीएमची, म्हणजे जर्मन टूरिंग कार मालिकेची, व्ही६ टीआय. १९९३ मध्ये निकोला लारिनीने डीटीएम जिंकली त्या जातीची. चारही चाकांना ताकद, फुगलेले फेंडर, वेगळंच जनावर. बीटीसीसीची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आणि अंगाने सडपातळ. म्हणून परदेशातल्या एका छोट्या कारागिराकडून रेझिनच्या दोन बॉडी मागवल्या आणि चासी दुसऱ्या किटमधून घेऊन लांबी-रुंदी जुळवली. १५५ चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर) २,५४० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे १०५.८. हा आकडा मी टेबलाच्या कडेला मार्करने लिहून ठेवलाय. जुन्या प्रक्षेपणातली बाजूने दिसणारी चौकट थांबवायची, दोन चाकांच्या केंद्रांमधलं अंतर १०५.८ धरून छापायचं आणि मग पंखाची उंची पट्टीने सरळ मोजायची. कॅमेरा जितका लांब, तितकं माप खरं. जवळून घेतलेल्या चित्रात पुढचं चाक मोठं होतं आणि सगळं गणित बिघडतं.

वर उचललेल्या पंखाचे ब्रॅकेट अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक कार्डाचे. दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून, सुकल्यावर एकत्रच घासल्या, म्हणजे डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी येते. डिकीवर पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) ०.४ मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तारेची खुंटी बसवली, पंखाच्या बुडाला तसंच भोक. नुसता सुपरग्लू तिथे टिकत नाही. पंख हा मॉडेलवरचा सगळ्यात बाहेर आलेला भाग, पुसताना फडकं तिथेच अडकतं. पंखाची मागची कड मात्र फार घासू नका. रेझिन उन्हाळ्यात मऊ पडतं आणि पातळ कड काही महिन्यांत वाकते. मी पंखाचं पान रेझिनचं न ठेवता प्लास्टिक कार्डाचंच नव्याने केलं.

स्प्लिटरला बराच वेळ गेला. मे महिन्याच्या गाडीवर तो बंपरच्या पुढे जिभेसारखा बाहेर येतो, ऑगस्टच्या गाडीवर बंपरच्या रेषेत लपतो. नुसता कापून आखूड केला तर खोटा दिसतो. दोन्ही स्थितींत तो तोच भाग आहे, फक्त मागे सरकलेला. म्हणून दोन्ही गाड्यांना एकाच मापाचे स्प्लिटर कापले आणि ऑगस्टच्या गाडीच्या बंपरचं पोट आतून कोरून तो मागे घातला. बाहेरून यातलं काही दिसणार नाही हे कबूल. पण खालून बघणारा एखादा आपल्यातच निघतो.

लाल रंगाबद्दल विचारणा होती. करड्या प्रायमरवर लाल मारला तर मळका दिसतो, पांढऱ्यावर मारला तर नारिंगीकडे झुकतो. मी प्रायमरवर आधी गुलाबी मारतो, मग लाल. गुलाबी लागलेलं बघून घाबरायचं नाही. बॉडीवर लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर ८०० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासून सपाट झाल्याची खात्री करा, कारण लाल रंग खालचा प्रत्येक ओरखडा दाखवतो. आणि पावसाळ्यात लॅकर क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक चकाकीचा थर, मारू नका. हवेतलं पाणी कोटात अडकतं आणि दुसऱ्या दिवशी बॉडीवर दुधी झाक येते. रिटार्डर (रंग हळू सुकवणारा द्रव) घातला तर थोडं भागतं, पण जुलैत आपल्याकडे भिंतींनाही पाणी सुटतं. जून ते सप्टेंबर मी फक्त कापाकापी आणि घासकाम करतो, रंग ऑक्टोबरपासून.

डिकल, म्हणजे बॉडीवर चिकटवायची अक्षरं-चिन्हं, घरगुती लेझर प्रिंटरवर काढले. त्यात पांढरी शाई नसते, म्हणून लाल बॉडीवरची पांढरी अक्षरं पांढऱ्या डिकल कागदावर भोवतालचा लाल छापून कापावी लागतात, आणि छापलेला लाल व मारलेला लाल कधीच जुळत नाही. शेवटी मोठी अक्षरं मास्किंग टेपमधून कोरून एअरब्रशने मारली, बारीक तेवढी डिकलची. पांढरा दोन हात द्या, एका हातात लाल खालून डोकावतो.

व्होल्वोकडे वळतो. ८५० इस्टेट (छत मागेपर्यंत सरळ जाणारी गाडी) का, हे बहुतेकांना माहीत आहे: टॉम वॉकिनशॉच्या टीडब्ल्यूआर या रेसिंग संघाने स्वीडिश कुटुंबाची लांबलचक गाडी रेसला उतरवली, रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स या दोघांच्या हाती दिली आणि सगळ्या पॅडॉकचे डोळे विस्फारले. परेड लॅपला (रेसआधीच्या दिखाऊ फेरीला) मागच्या काचेत खोटा कुत्रा ठेवल्याचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. सबंध मोसमात पोडियम मिळाला नाही, तरी त्या ग्रिडमधली पहिली आठवणारी गाडी हीच. ती या संचात का, तर तिचं भविष्यही पंखानेच ठरवलं. पंख कोणालाच नव्हते तोवर लांब छताची गाडी धावून बघायला हरकत नव्हती. अल्फाच्या भांडणानंतर १९९५ साठी सगळ्यांनाच स्प्लिटर आणि मागचा पंख मिळाला. इस्टेटचं छतच मागच्या काचेपर्यंत जातं, तिथे पंखाला स्वच्छ हवा मिळणार कुठून? व्होल्वो सेडानवर आली आणि रिडेल त्या मोसमात क्लेलंड आणि अलाँ मेनूच्या मागे तिसरा आला. विजेतेपद त्याला १९९८ मध्ये व्होल्वोच्याच एस४० ने दिलं. म्हणजे इस्टेट एका मोसमाचीच पाहुणी, आणि तिला घरी पाठवणारी अल्फा. माझ्या शेल्फवर तिघी शेजारी बसणार ते याचसाठी.

करायला मात्र ही गाडी खादाड आहे. व्हीलबेस २,६६४, म्हणजे १११ मिलिमीटर. एकूण लांबी ४,७१० ची, म्हणजे १९६. सेडानमध्ये मागच्या काचेतून फारसं दिसत नाही, इस्टेटमध्ये सगळं उघड्यावर. मागचा उघडा पत्रा, केजचे मागे जाणारे तिरके पाइप, सगळं करावंच लागतं. केज १.६ मिलिमीटरच्या स्टायरीन रॉडचा. २४ ने गुणलं की ३८ च्या आसपास येतं, खऱ्या पाइपच्या जाडीशी जुळतं. रॉड वाकवायला गरम पाण्यात बुडवा, मेणबत्तीवर धरू नका. मेणबत्तीवर बाहेरची बाजू ताणून बारीक होते आणि वळणावर पाइप चेपल्यासारखा दिसतो. केज आधी बॉडीबाहेर पूर्ण जुळवून, रंगवून मग खालून आत सारायचा विचार आहे. छताचं आडवं नळकांडं बी-पिलरला (पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाला) घासतंय, तिथे अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न आहे. आतून बॉडी खरवडावी की केज बारीक करावा, ठरत नाही. खरवडायचं तर रेझिन तिथे आधीच पातळ आहे, बाहेरून उजेडात धरलं तर बोटाची सावली दिसते. बहुधा केजच्या उभ्या पाइपांना थोडं आत झुकवेन. काचेतून बघणाऱ्याला तो कोन कळायचा नाही.

खोट्या कुत्र्याबद्दल: १:२४ मध्ये कुत्रा शोधत बसू नका. बागेतल्या रेल्वेच्या जी स्केलची, १:२२.५ ची जनावरं चालून जातात. कुत्र्यांचे आकार तसेही कमी-जास्त असतात. एक मिळालाय, पण तो बसलेला आहे आणि मागच्या काचेत त्याचं फक्त डोकं दिसतं. तेच बरं, उभा असता तर छताला लागला असता. कायमचा चिकटवणार नाही, रेसमध्ये तो नव्हता.

पुढच्या गाड्यांबद्दल विचारलं होतंत, की रॅडिसिचची फोर्ड माँडिओ आणि मेनूची रेनॉ लगुना करणार का. १९९४ च्या गुणतक्त्यात तारक्विनीपाठोपाठ मेनू दुसरा आणि रॅडिसिच तिसरा, त्यामुळे मोह आहे. पण हा संच अल्फाच्या पंखाच्या भांडणाचा आहे, म्हणून त्या त्यात बसत नाहीत. वेगळ्या संचात बघू.

राहिलेलं काम: ऑगस्टच्या अल्फाचा पंख, दोन्ही अल्फांच्या सीटबेल्टच्या बकली, व्होल्वोचा केज, मग तिचा पांढरा रंग. पांढऱ्याखाली करडा प्रायमर ठेवणार, नाहीतर रेझिनमधून उजेड आरपार येतो. ऑगस्टच्या अल्फाचा मागून, डिकीच्या उंचीवरून घेतलेला फोटो कोणाकडे असेल तर हवा आहे. खाली बसवल्यावर पंखाची टोकं डिकीच्या कडेला टेकतात की मधे बारीक फट राहते, ते बाजूच्या चित्रातून कळत नाही. तोपर्यंत तो पंख डबीतच.