साहेब सहाला सुटतो, फोन साडेनऊला वाजतो

जर्मनीत कामाला आलेल्या माणसाला कामाच्या वेळेच्या कायद्याचं पाचवं कलम लवकरच पाठ होतं. आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती. काटेकोर अर्थ लावला तर रात्री दहाला कामाचा फोन घेतलेल्याला सकाळी नऊच्या आत कामाला लावता येत नाही. गाडी घेऊन गिऱ्हाइकांकडं फिरणारा सेल्समनही यात आला. आपल्याकडं सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही.

मला चीड येते ती पुढच्या गोष्टीची. इथं बसून बेळगाव, निपाणी, गोकाक, अथणीची पंप विकणारी सेल्स टीम चालवणारे आपलेच लोक आहेत. संध्याकाळी सहाला लॅपटॉप मिटताना ते ग्रुपवर एक ओळ टाकतात : "आजचा आकडा?" ही ओळ गोकाकात उन्हाळ्यात रात्री साडेनऊला पडते, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ तासभर मागं गेलं की साडेदहाला. साहेबाला कायद्यानं घरी सोडलं. ज्याच्या जिवावर आकडा उभा राहतो तो मात्र ताटावरून उठून टाइप करतो : "कॉल २२, ऑर्डर ६, वसुली १५,०००." कॉल म्हणजे दुकानाला दिलेली भेट.

रात्रीचा फोनच नको, असं मी म्हणणार नाही. आपला दुकानदार नऊला शटर ओढतो, गल्ला मोजतो आणि मग निवांतपणे ऑर्डर सांगतो. जर्मन दुकानदारासारखी दोन आठवडे आधी वेळ घेऊन भेटायची रीत तिथं चालत नाही. महिन्याचे शेवटचे दोन दिवस मीही रात्री बोलतो. बिल कोणत्या महिन्यात पडतं यावर पोराचा इन्सेंटिव्ह ठरतो, त्यामुळं त्यात मला गैर वाटत नाही. पण गिऱ्हाइकाचा फोन आणि साहेबाचा फोन यांत फरक आहे.

त्याहून वाईट म्हणजे लाइव्ह लोकेशन. जर्मनीत कामगारांवर लक्ष ठेवता येईल असं कोणतंही यंत्र किंवा अॅप आणायचं झालं, तर जिथं कामगार परिषद (कामगारांनी निवडलेली समिती) असेल तिथं आधी तिची संमती लागते. हीच कंपनी बेळगावच्या पोराच्या मोबाइलमध्ये मात्र लोकेशनचं अॅप बिनदिक्कत घालते. वर दुकानासमोर उभं राहून सेल्फी. यानं काय होतं ते खानापूर तालुक्यात बघा. जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं पावसाळ्यात नेटवर्क जातं. नकाशावरचा ठिपका दोन तास एकाच जागी थिजतो. इथं साहेबाला वाटतं, गडी झोपला. दोनदा बोलणी खाल्ली की पोरगा शहाणा होतो आणि जांबोटीपुढं जातच नाही. खानापूरच्या मेन रोडवरच्या त्याच दुकानांत पुन्हा पुन्हा जाऊन कॉलचा आकडा भरतो. कॉल वाढतात आणि आतल्या गावांतली विक्री बसते. मग साहेब म्हणतो, टीममध्ये स्पिरिट नाही. ज्याला चोर समजून रोज तपासलं, तो दुसऱ्यासाठी कशाला धावेल?

पंपांच्या धंद्यापुरतं सांगतो. रोजचा आकडा ऑर्डर-बुकिंगच्या अॅपमधून आपोआप मिळतो, तो माणसाला विचारू नका. त्याऐवजी प्रत्येकाकडून ग्रुपवर दिवसाला एक व्हॉइस नोट घ्या, अर्ध्या मिनिटाची, आणि तीही संध्याकाळी सातच्या आत : आज कोणत्या दुकानानं नाही म्हटलं आणि का. नेटवर्क नसेल तर नोट मोबाइलमध्ये पडून राहते, रेंज आली की जाते. अथणीचा सेल्समन सांगतो, डीलर माल घेईना, मोटर जळल्याच्या तक्रारी आल्यात म्हणतो. चिकोडीचा ते ऐकून लगेच उत्तर देतो, "अण्णा, टाँग टेस्टर लाव की आधी. तिकडं व्होल्टेज किती येतंय बघ." टाँग टेस्टर म्हणजे वीज मोजायचा चिमटा. थ्री-फेजला ४१५ व्होल्ट हवेत तिथं ३४० येत असतील तर मोटर तेवढाच भार ओढायला जास्त अँपिअर घेते आणि आतलं तारांचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, जळतं. दोष पंपाचा नसतो. व्होल्टेज उतरलं की मोटर बंद करणारा पॅनेलमधला लो-व्होल्टेज कटऑफ कुणीतरी बायपास केलेला असतो. त्या डीलरकडं पंपाबरोबर नवं पॅनेलही खपतं. एकाच्या नकारातून दुसऱ्याच्या माहितीनं ऑर्डर निघाली, की ती माणसं एकमेकांना आपणहून फोन करू लागतात.

आठवड्यातून सगळ्या टीमचा एकच फोन-कॉल, २० मिनिटांचा, भारतातल्या दुपारी अडीचला. दुकानदार जेवायला गेलेला असतो आणि इथं उन्हाळ्यात अकरा, हिवाळ्यात दहा वाजलेले असतात. वेळ बेळगावच्या घड्याळाला बांधा, इथल्या नाही. व्हिडिओ बंद. टार्गेटची यादी त्यात वाचायची नाही, मागं पडलेल्याशी एकट्याशी बोला. भाषेचा नियमही एकच : ज्याला जी येते ती. निपाणीचा मराठीत सांगेल, गोकाकचा कन्नडमध्ये, आणि दोघांनाही दोन्ही कळतं. सकाळी मराठीत उधारी मागून दुपारी कन्नडमध्ये नवं खातं उघडणारा आणि संध्याकाळी हिंदीत तक्रार मिटवणारा सेल्समन इथल्या कोणत्याही कंपनीत मला दाखवा. या बाबतीत आपली पोरं इथल्यांपेक्षा कितीतरी पुढं आहेत आणि हे मी इथल्या मीटिंगमध्येही सांगतो.

१ नोव्हेंबरला मात्र कॉल, मीटिंग, बक्षीस वाटप काहीच ठेवू नका. टीममधल्या एकाच्या घरी कर्नाटकचा राज्योत्सव असतो, दुसऱ्याच्या घरी सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. जर्मनीतल्या मी राहतो त्या राज्यात त्या दिवशी ऑल सेंट्स या ख्रिस्ती सणाची सुट्टी असते, म्हणून सोपं जातं. जिथं नसेल तिथल्या साहेबानं कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवावी.

भांडणं बहुधा हद्दीवरून होतात. निपाणीच्या डीलरचं दुसरं दुकान कागलला निघतं. मधे कोगनोळीचा टोलनाका, पलीकडं महाराष्ट्र. बिलावर राज्यातल्या विक्रीच्या सीजीएसटी-एसजीएसटीच्या जागी दोन राज्यांमधल्या विक्रीचा आयजीएसटी लागतो, ५० हजारांच्या वर माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद. हे अकाउंटंट बघेल. पण ऑर्डर कुणाची? नियम लिहून ठेवा : खातं उघडणाऱ्याला पहिले तीन महिने निम्मा इन्सेंटिव्ह, नंतर माल जिथं उतरतो त्या भागातल्या सेल्समनला पूर्ण. भांडण झाल्यावर केलेला नियम कुणीतरी एकाच्या बाजूचा वाटतो.

इन्सेंटिव्हमध्ये ७० टक्के ज्याचं त्याचं आणि ३० टक्के सगळ्यांचं मिळून ठेवा. सामाईक वाटा निम्म्यावर नेला की पळणारा म्हणतो, मी बसलेल्यांना पोसतोय. दहावर ठेवला तर त्याची कुणाला आठवणही राहत नाही. आणि वसुली झाल्याशिवाय ऑर्डर मोजू नका, नाहीतर ३० तारखेला डीलरच्या गोदामात माल ढकलला जातो आणि १० तारखेला परत येतो. तो परतीचा माल सगळ्यांच्या वाट्यातून कापला जातो आणि मग पोरं एकमेकांकडं बोट दाखवतात.

महिन्यातून एक दिवस दोघांनी एकमेकांच्या भागात फिरावं. अथणीचा खानापूरच्या गाडीवर मागं बसून फिरेल. अथणीकडं ऊस आणि बोअर, खानापूरकडं भात, काजू आणि चार महिने पाऊस. खर्च एका दिवसाच्या पेट्रोलचा आणि जेवणाचा. बेळगावातल्या हॉटेलात वर्षातून एकदा केलेल्या पार्टीपेक्षा याचा उपयोग जास्त, कारण नंतर त्या दोघांना एकमेकांची दुकानं डोळ्यांसमोर दिसतात.

आणि टीए-डीए, म्हणजे प्रवासाचा आणि रोजचा भत्ता, महिन्याच्या ७ तारखेच्या आत खात्यावर जमा करा. कंपनीच्या कागदावर गाडीचं अॅव्हरेज ६० असतं, खानापूर-जांबोटीच्या खड्ड्यांत ती ४५ देते. वरच्या १५ चं पेट्रोल पोरगा खिशातून घालतो. दर खऱ्या अॅव्हरेजवर धरा आणि पेट्रोलचा भाव बदलला की दरही बदला. जर्मन सहकाऱ्याचा प्रवासखर्च चार दिवस उशिरा आला तर तो लेखी तक्रार करतो. गोकाकचा पोरगा तक्रार करत नाही, तो लांबचं गाव टाळतो.