लालबुड्या एकदाचा सुटला, वही मात्र नव्याने आखावी लागणार

पक्ष्यांची शास्त्रीय नावं कुठून आली याची मी वही करतोय. तिच्यातलं तीन आठवडे अडलेलं लालबुड्या बुलबुलाचं पान काल रात्री पूर्ण झालं! अडचण अशी. पक्षिशास्त्रज्ञ ओट्सच्या भारतातल्या पक्ष्यांवरच्या १८८९च्या खंडात मोल्पास्टेस हीमोऱ्हस, आजच्या चेकलिस्टमध्ये पिक्नोनोटस कॅफर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा. पक्षी तोच, आपल्या अंगणातला. मग त्याच्या नावात दक्षिण आफ्रिका कुठून आली?

मूळ निघालं फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ ब्रिसाँकडे. १७६० साली त्याने ‘केप ऑफ गुड होपचा तुरेवाला कस्तूर’ म्हणून एक पक्षी वर्णिला. त्याच्याच भरवशावर लिनियसने १७६६मध्ये टर्डस कॅफर हे नाव दिलं. पण केपला लालबुड्या नाहीच! तिथला बुलबुल पिक्नोनोटस कॅपेन्सिस, बुडाला पिवळा. ब्रिसाँनेही त्यालाच पाहिलं असेल असं मी धरून बसलो आणि त्यातच दोन आठवडे गेले. त्याच्या वर्णनात शेपटीखालचा लाल रंग वाचला तेव्हा गाठ सुटली. भारताकडून परतणारी जहाजं केपला थांबत, तिथेच कातड्यांच्या चिठ्ठ्यांची गल्लत झाली असावी, असा माझा अंदाज.

जुनी पुस्तकं शोधताना ओसीआरवर, म्हणजे छापील पानाचा संगणकाने वाचलेल्या मजकुरावर, विसंबू नका. त्या काळच्या छपाईतला लांब ‘एस’ ते ‘एफ’ वाचतं. ‘गुड होप’मधल्या ‘होप’चा फ्रेंच शब्द ‘एस्पेरान्स’, त्याचं ‘एफ्पेरान्स’ झाल्यावर शोधात काय सापडणार? बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर पान मोठं करून डोळ्यांनीच वाचावं. फुकटात याहून चांगलं काही नाही.

सगळ्यात आनंद झाला तो ‘हीमोऱ्हस’ फोडताना. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिनचं हे नाव १७८९चं. ग्रीक ‘हायमा’ म्हणजे रक्त, ‘ऑऱ्हॉस’ म्हणजे बूड. थेट लालबुड्याच की! इतकं नेमकं नाव मागे पडलं, कारण कॅफर तेवीस वर्षांनी जुनं, आणि मान जुन्या नावाला. प्राणिनामांच्या संहितेचं १८वं कलम स्पष्ट आहे: नाव गैरलागू आहे म्हणून बाद होत नाही. वनस्पतीवाल्यांनी २०२४मध्ये माद्रिदला ‘काफ्रा’चं ‘आफ्रा’ केलं, कारण तो शब्द दक्षिण आफ्रिकेत शिवी आहे. प्राण्यांच्या नावांतही हे व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आता कुळवार पानं पुढे नेणार होतो, पण हे लिहितानाच बेत बदलला. चुकीचा गाव चिकटलेल्या पक्ष्यांचा वेगळा भाग करतो. जेंटू पेंग्विन, नाव ‘पापुआ’. ऑस्ट्रेलियाचा कुकाबुरा, नाव ‘नोव्हेगिनी’, म्हणजे न्यू गिनीचा. आज कुकाबुराचं पान आखायला घेतो.