आमच्या केंद्रातल्या नव्या शिक्षकांचा गौरव

सांगली जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेवरच्या जत तालुक्यातल्या एका केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा, मी केंद्रप्रमुख. पवित्र पोर्टलमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षकभरतीतून, आमच्याकडे बरीच नवी मुलंमुली रुजू झाली, कुणी मराठवाड्यातून, कुणी विदर्भातून. पहिली 3 वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, मानधन महिना 16 हजार. 2023 च्या आधी तर प्राथमिकला 6 हजारच होतं. त्यात वर्गातली बरीच पोरं घरी कन्नड बोलणारी. यातले काही जण खरोखर उत्तम शिकवतात. पण राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराला किमान 10 वर्षांची सेवा लागते. घर सोडून आलेल्या माणसाला पाठीवर हात हवा असतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत. म्हणून केंद्रापुरता का होईना, या शिक्षकांचा गौरव करायचा, असं मी शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, मांडलं.

लगेच कुरबुर झाली. "सर, आमची निम्मी नोकरी संपली, आम्हाला कुणी साधा नारळ दिला नाही," एक गुरुजी म्हणाले. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. त्यांनाच मी निवड समितीत घेतलं.

नावं मागवली तर फायली आल्या. फोटो, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, उपक्रमांची कात्रणं. मेहनत दिसत होती, पण पोराला वाचता येतं का हे फायलीत कुठे दिसणार? निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचणं अपेक्षित आहे. तेव्हा वर्गातच जाऊन बसायचं ठरलं, न कळवता.

एका वस्तीशाळेत दुसरीचा एक मुलगा धड्यातल्या ओळीवर बोट ठेवून वाचत होता. 'पुस्तक'पाशी अडला. मागून दोघं-तिघं सांगायला उठले, तर बाईंनी हातानेच थांबवलं. बराच वेळ गेला. त्याने 'पुस्' म्हटलं, थांबला, मग सगळा शब्द काढला. बाई फक्त "पुढे" म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर साधी दोनशे पानी वही होती. प्रत्येक पोराच्या नावापुढे आठवड्याची नोंद: 'काना-मात्रा पक्क्या, जोडाक्षरावर अडखळतो', 'मराठीत उत्तर द्यायला लाजते, कन्नडमध्ये बरोबर सांगते'. गुरुजींनी ती वही पहिल्या पानापासून वाचली. बाहेर आल्यावर म्हणाले, "सर, आता बाकीचे वर्ग बघू, पण माझं मत झालंय."

बाकीचे वर्गही तितक्याच नीट पाहिले. एका तरुण सरांचं गणित फार सुंदर होतं, त्यांचंही नाव घेतलं. एकच विजेता हवा असा हट्ट कशाला?

3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, कार्यक्रम केला. सावित्रीबाई शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, त्यामुळे हाच दिवस सगळ्यांना पटला. शाल-श्रीफळ टाळलं. आम्ही वर्गणी काढून दोघांच्या वर्गांना गोष्टीची पुस्तकं दिली. मानपत्रात 'उल्लेखनीय कार्य' वगैरे घातलं नाही, वर्गात जे पाहिलं तेच लिहिलं. त्या वहीचाही उल्लेख होता. वाचून दाखवलं गुरुजींनी. बाईंचे आई-वडील नांदेडहून आले होते.

त्यानंतर दोन शाळांनी तशी वही सुरू केली आहे. यंदा नावं दिवाळीच्या सुट्टीआधीच मागवणार आहे, म्हणजे प्रत्येक वर्गात दोनदा बसता येईल.