आमची वाटचाल : दोन सुयांचा टाका

नागपुरात सीताबर्डीवर बाबांची सहा फुटांची टपरी होती. शाळेच्या बॅगांचे रनर बदलायचे, सुटकेसची चाकं बसवायची, पर्सचे बंद शिवायचे. जूनमध्ये जेवायला फुरसत नसे आणि दिवाळीनंतर माशा मारत बसायचं. बारावी झाल्यावर मीही तिथंच बसलो.

2011 च्या उन्हाळ्यात रामदासपेठेतल्या एक मॅडम लुई व्हिटॉन या महागड्या फ्रेंच कंपनीची 'स्पीडी' बॅग घेऊन आल्या. हे नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. बाबांनी बॅग दाबून पाहिली, नखानं हळूच खरवडली आणि मॅडम जाताच म्हणाले, "चामडं कुठं हाय बे? ही तं ताडपत्री हाय!" तसं चुकीचं नव्हतं. अंग लेप दिलेल्या कॅनव्हासचं, त्यावर 1896 पासून चालत आलेली नक्षी, आणि चामडं फक्त हँडलला नि कडांना. पण हे चामडं मुद्दाम कोरं ठेवलेलं असतं. हात आणि ऊन लागून ते वर्षानुवर्षं मधाच्या रंगावर जातं, आणि शौकीन लोक त्या रंगावरच जीव टाकतात. मला हे कुठून माहीत असणार? पाण्याचे डाग दिसले म्हणून मी बुटाचं तपकिरी क्रीम चोळलं. पंधरा मिनिटांत हँडल गुळाच्या ढेपेसारखं काळपट झालं. साबण लावला तर आणखी बिघडलं. मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. मुंबईच्या कारागिराकडून नवं हँडल बसवून दिलं, त्यात तीन महिन्यांची कमाई गेली. जुनं हँडल आजही गल्ल्यावर टांगलेलं आहे.

पण त्याच मॅडमनी पुढं सिव्हिल लाइन्समधल्या मैत्रिणीला आमच्याकडे पाठवलं. त्यांच्याकडे मावशीची जुनी 'केली' होती, एर्मेस या फ्रेंच कंपनीची महागडी बॅग. (गिऱ्हाईक हर्मीस म्हणतं, उच्चार एर्मेस.) मी हात लावायला घाबरत होतो. बाबांनी चष्मा लावून कडेचे तिरपे टाके पाहिले. "आपल्या अप्पाचाच टाका हाय ना हा!"

आमचे आजोबा इतवारीत टांग्याचे साज शिवायचे. मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी ओढ. मशीनची शिलाई एका जागी तुटली की उसवत जाते. यातला एक टाका गेला तरी शेजारचे धरून ठेवतात. एर्मेसची सुरुवातही 1837 साली पॅरिसमध्ये घोड्यांच्या साजापासूनच झाली, हे मला नंतर कळलं. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना काही नवल वाटलं नाही.

आता धरमपेठेत आम्ही चौघं आहोत. बॅग अस्सल आहे की फर्स्ट कॉपी, याचा दाखला देत नाही. टाका, धातू नि अस्तर पाहून मत सांगतो, तेही विचारलं तरच. मगरीच्या कातड्याची बॅग आली तर आधी कातडं कायदेशीर असल्याचे कागद पाहतो. एर्मेसच्याच 'हिमालया' बर्किन बॅगचं नाव बर्फाच्या रंगावरून पडलंय, कातडं नाइलच्या मगरीचं असतं.

जपानी चित्रकार ताकाशी मुराकामीनं 2003 मध्ये लुई व्हिटॉनसाठी केलेली तेहेतीस रंगांची नक्षी 2015 ला बंद झाली होती, ती जानेवारी 2025 मध्ये नव्यानं आली. तेव्हा आठवडाभर फोन वाजत होता, जुनीचा भाव पडेल का म्हणून. मी म्हटलं, भावाचं नंतर पाहू, आधी कपाट उघडा.

कारण नागपुरात बॅग वापरून फारशी खराब होत नाही, ठेवून होते. बाहेर 45 अंश आणि घरात दिवसभर कूलर. कूलरच्या ओल्या हवेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बॅग घामेजते आणि पावसाळ्यात उघडली की पांढरी बुरशी. कूलर नसलेली खोली, मलमलची पिशवी आणि आत कोरा कागद, एवढंच पुरतं. वर्तमानपत्र कोंबू नका, शाई अस्तरावर उतरते. आणि महिन्यातून एकदा तरी बॅग बाहेर मिरवा हो, लग्नाला का होईना.

सिव्हिल लाइन्सच्या त्या मॅडमकडे आता अकरा बॅगा आहेत. मावशीची 'केली' परवा पुन्हा आली, हँडलखालचे चार टाके गेलेत. बाबांचा हात आता थरथरतो, म्हणून सुया माझ्या हातात. ते शेजारी बसून दोऱ्याला मेण लावून देतात आणि दर टाक्याला म्हणतात, "ओढ जरा."