तुम्ही विचारलंत म्हणून: डीबगर रजिस्टरं वाचतो कुठून?

उद्यमनगरातल्या माझ्या दीड खोलीच्या ऑफिसात दरवर्षी इंजिनिअरिंगची पाच-सहा पोरं प्रोजेक्टसाठी येऊन बसतात. पहिल्यांदा जीडीबीत, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक शोधायच्या डीबगरमध्ये, 'इन्फो रजिस्टर्स' टाकलं की रजिस्टरांतल्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांतल्या, आकड्यांचा ढीग पडद्यावर येतो, आणि त्यांतलं एखादं तरी मान वर करून विचारतंच, "सर, पण चालू प्रोग्रॅमची रजिस्टरं ह्याला दिसत्यात कशी?"

प्रश्न चांगला आहे. त्यातला एक शब्द तेवढा चुकीचा आहे, 'चालू'. त्या शब्दाने मला एकदा चांगलंच महागात पाडलंय, ते पुढे सांगतो.

पोरांच्या डोक्यात चित्र असतं राजाराम बंधाऱ्याचं. जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात चहाच्या आधी पातळी विचारली जाते. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना, हे शाळकरी पोरालाही पाठ. पंचगंगा आपली वाहत असते, मोजपट्टी पाण्यात उभी असते, आणि काठावरचा माणूस आकडा वाचून घेतो. नदीला त्याची खबरही नसते. डीबगरही असाच काठावर बसून वाचत असणार, असं वाटणं साहजिक आहे.

पण डीबगर हासुद्धा एक प्रोग्रॅमच ना! त्यालाही चालायला प्रोसेसर लागतो, बेरीज-वजाबाकीला तेच आरएएक्स नावाचं रजिस्टर लागतं. तो तुमच्या प्रोग्रॅमच्याच कोअरवर (प्रोसेसरच्या आतल्या हिशोब करणाऱ्या एका भागावर) चालत असेल, तर त्या क्षणी तिथे तुमचे आकडे नाहीत, त्याचे स्वतःचे आहेत. आणि तो शेजारच्या कोअरवर असेल, तर एका कोअरने दुसऱ्याच्या रजिस्टरात डोकवावं अशी सूचना इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरात नाहीच. दोन्हीकडून वाट बंद. मग तो ढीग आला कुठून?

इथे मी पोरांना अंबाबाईच्या देवळात नेतो, म्हणजे बोलण्यात. आत जाताना आपण चपला स्टँडवर काढतो, बाहेर आलो की त्याच घालून पुढे चालू लागतो. प्रोग्रॅम कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, शिरतो तेव्हा अगदी हेच होतं. शिरण्याची कारणं वेगवेगळी: टायमरचा इंटरप्ट (काम थांबवणारा इशारा) येतो, पेज फॉल्ट होतो (हवं ते मेमरीचं पान जागेवर नसतं), किंवा प्रोग्रॅम स्वतःच फाइल वाचायला सिस्टिम कॉल करतो, म्हणजे कर्नलकडे काम मागतो. इंटरप्ट आला की पाच किमती प्रोसेसर स्वतःच स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या एकावर एक रचायच्या जागेत, ठेवतो. कुठल्या सूचनेवर होतो ते सांगणारा आरआयपी त्यात असतो, स्टॅकचा पत्ता आरएसपी असतो, फ्लॅग्ज असतात. उरलेली रजिस्टरं कर्नलचा प्रवेशद्वारावरचा कोड एकामागून एक काढून ठेवतो. प्रत्येक थ्रेडला (प्रोग्रॅमच्या आत स्वतंत्रपणे चालणाऱ्या धाग्याला) कर्नलमध्ये स्वतःचा वेगळा स्टॅक असतो, ६४ बिटी इंटेलवर साधारण १६ किलोबाइटचा, आणि त्याच्या टोकाला ह्या चपला ओळीने मांडलेल्या असतात. बाहेर पडताना त्याच उलट क्रमाने पायात. प्रोग्रॅमला वाटतं, आपण कुठे गेलोच नव्हतो.

डीबगर बघतो तो हा स्टँड. पायातल्या चपला त्याने कधी पाहिलेल्याच नसतात.

आता भाविक पाच मिनिटांत दर्शन घेऊन बाहेर आला तर बघणार कधी? म्हणून त्याला आतच थांबवून ठेवावं लागतं. ते काम पीट्रेस नावाचा सिस्टिम कॉल करतो. हा बराच जुना गडी आहे, १९७५च्या सहाव्या युनिक्सपासूनचा. लिनक्सवर डीबगर पीट्रेसने 'अटॅच' मागतो, कर्नल त्या थ्रेडला थांबण्याचा सिग्नल पाठवतो, थ्रेड कर्नलच्या आत येऊन उभा राहतो. डीबगर तोवर वेटपीआयडी ह्या सिस्टिम कॉलवर वाट बघत असतो. 'थांबला' असा निरोप आला की मग तो 'गेटरेग्ज' म्हणतो, आणि कर्नल त्या थ्रेडच्या स्टँडवरून नक्कल काढून डीबगरच्या हातात देतो. २७ रकाने, प्रत्येकी ८ बाइट, एकूण २१६ बाइट. एवढंच. सहा रकाने दुसऱ्या कप्प्यातून आणावे लागतात, आणि दशांश चिन्हाच्या हिशोबाची मोठी रजिस्टरं वेगळी मागावी लागतात, पण तत्त्व तेच.

मागच्या एका बॅचमधल्या पोरीने हाच कोड ६४ बिटी रास्पबेरी पायवर नेला आणि तो कंपाइलच होईना. त्यातल्या एआरएम प्रोसेसरांच्या ६४ बिटी घराण्यात 'गेटरेग्ज' ठेवलेलंच नाही. तिथे 'गेटरेगसेट' वापरायचं, आणि रकाने ३४ मिळतात. तिने दोन दिवस स्वतःला दोष दिला. मी आधी सांगायला हवं होतं.

किंमत बदलायची असेल तर 'सेटरेग्ज'. ह्यालाही चपलांचंच उदाहरण लागू पडतं: स्टँडवरची जोडी कुणी गुपचूप बदलून ठेवली, तर बाहेर येणारा तीच घालून चालायला लागणार. जीडीबीत आरआयपीला नवीन पत्ता दिला की सोडल्यावर प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणाहून सुरू होतो, तो त्यामुळेच.

ब्रेकपॉइंटही, म्हणजे 'इथे आलास की थांब' ही खूणही, ह्याच वाटेने जातो. डीबगर हव्या त्या सूचनेचा पहिला बाइट काढून तिथे हेक्समधला सीसी हा एक बाइट ठेवतो. प्रोसेसर त्यावर आला की ट्रॅप होऊन (ती सूचनाच त्याला अडवते) कर्नलमध्ये, चपला स्टँडवर, पुढचं सगळं वरच्यासारखं. आरआयपी मात्र एक बाइट पुढे गेलेला असतो, तो डीबगर मुकाट्याने एकने कमी करून दाखवतो.

मायक्रोकंट्रोलरवर काम करणारे इथे हात वर करतात. "आमच्याकडं कर्नलच न्हाई, मग?" खरं आहे. कॉर्टेक्स-एम ह्या मायक्रोकंट्रोलर घराण्याच्या चिपमध्ये डीबगिंगची सोय सिलिकॉनमध्येच आहे. बाहेरून वायरने जोडलेलं डीबगिंगचं उपकरण, प्रोब, एका ठरलेल्या पत्त्यावर रजिस्टरचा नंबर लिहितो आणि शेजारच्या पत्त्यावरून किंमत उचलतो. म्हणजे चपला पायातच असतात. पण त्याआधी कोअरला 'हॉल्ट' करावंच लागतं. माणूस उभ्या जागी पुतळा. बंधाऱ्यावरची मोजपट्टी तिथेही नाही.

आता ते महागात पडलेलं.

एका फाउंड्रीसाठी मी भट्ट्यांच्या तापमानाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. दोन इंडक्शन भट्ट्या, प्रत्येकीच्या मीटरपासून सिरीयल वायर, आणि पडद्यावर दोन ग्राफ. एके संध्याकाळी फोन आला, दोन नंबरचा ग्राफ पुढे सरकत नाही. मी राजारामपुरीतल्या घरी होतो. लांबूनच त्यांच्या मशीनवर लॉगिन केलं, जीडीबी अटॅच केला आणि अडकलेल्या थ्रेडची रजिस्टरं काढली. आरएएक्समध्ये दिसलं उणे ५१२.

हा आकडा मी पहिल्यांदाच बघत होतो, म्हणून त्याच्याच नादाला लागलो. प्रोग्रॅममध्ये असं काही कुठे नव्हतं. शोधता शोधता कळलं की ही कर्नलची आतली खूण आहे: काम अर्धवट राहिलंय, सोडताना पुन्हा सुरू करायचं. प्रोग्रॅमच्या हाती हा आकडा कधी पडतच नाही. सोडायच्या वेळी कर्नल आरएएक्समध्ये मूळ कॉलचा नंबर परत ठेवतो आणि आरआयपी दोन बाइट मागे घेतो, की तीच 'सिस्कॉल' सूचना पुन्हा चालते. मूळ नंबर राहतो ओरिग-आरएएक्स नावाच्या रकान्यात. असं रजिस्टर प्रोसेसरात शोधून सापडणार नाही, तो कर्नलने स्टँडवर लावलेला टोकन आहे. त्यात होतं ०, म्हणजे 'रीड'. आरडीआयमध्ये ५, म्हणजे पाच नंबरची फाइल. प्रॉकमध्ये, म्हणजे कर्नल चालू प्रोग्रॅमांची माहिती दाखवतो त्या फोल्डरात, जाऊन पाच नंबर बघितला, तर दोन नंबरच्या भट्टीची सिरीयल वायर. म्हणजे माझा थ्रेड तिथे वाचत बसला होता आणि पलीकडून मीटर काही पाठवतच नव्हता. गुन्हेगार सापडला. मी खुशीत बायकोला चहा टाक म्हणालो.

चहा येईपर्यंत उत्साहात 'अप' करत वरच्या, म्हणजे ह्याला बोलावणाऱ्या, फंक्शन्समध्ये फिरत बसलो. तिथली रजिस्टरं हा तर आणखी वेगळा प्रकार. वरच्या फंक्शनची रजिस्टरं आता कुठेच नसतात. कंपायलरने फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या तक्त्यावरून डीबगर स्टॅक उकरतो आणि 'तेव्हा काय असेल' ते जुळवतो. आरबीएक्स, आरबीपी, आर१२ ते आर१५ ही जपून ठेवायचा दंडक आहे, म्हणून ती परत मिळतात. बाकीच्यांच्या किमती तिथे विश्वासाने वाचू नयेत. पोरं वाचतात. मीही वाचायचो.

तेवढ्यात सुपरवायझरचा फोन. "ओ सर, आता एक नंबरचा ग्राफ बी थांबला की! मगाशी तर चालू हुता."

मी घड्याळ बघितलं. अटॅच करून अकरा मिनिटं झाली होती. जीडीबी अटॅच होतो तेव्हा एकट्या संशयित थ्रेडला धरत नाही, प्रोग्रॅमचे सगळे थ्रेड थांबवतो. एक नंबरच्या भट्टीत बीड वितळत होतं, हीट ओतायला आली होती, आणि तिची नोंद ठेवणाऱ्या थ्रेडला मी चपला काढायला लावून आत उभं केलं होतं. अडकलेल्या एकाची नाडी बघायला धडधाकट दुसऱ्याला झोपवला. भट्टीला काही झालं नाही, लोकांनी हातातल्या पायरोमीटरने तापमान बघून ओतलं. पण ग्राफमध्ये अकरा मिनिटांचं भगदाड राहिलं. त्यांच्या गिऱ्हाइकाला सलग नोंद लागायची, तेव्हा त्या भगदाडाचं लेखी स्पष्टीकरण माझ्या सहीने गेलं. दोन नंबरच्या मीटरची वायर फोर्कलिफ्टने ओढली गेली होती, ती पाच मिनिटांत लावून झाली.

नंतर मी त्या 'रीड'ला मुदत घातली: दोन सेकंदांत मीटर बोलला नाही तर पडद्यावर लाल पट्टी. ते आधीच करायला हवं होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, तरी सुपरवायझरने सांगितलंच.

पोरांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "सर, अटॅच करताना परवानगी न्हाई म्हणतोय." उबंटूवर यामाची (कर्नलमधल्या सुरक्षेच्या एका भागाची) सेटिंग मुळातच १ असते, म्हणजे स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रॅमलाच हात लावता येतो, शेजाऱ्याच्या नाही. प्रोग्रॅम जीडीबीतूनच सुरू करा, नाहीतर सुडो लावा, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालवा. आणि एस-ट्रेस (सिस्टिम कॉल टिपणारं, पीट्रेसच वापरणारं दुसरं साधन) आधीच त्याला चिकटलेला असेल तर सुडोनेही भागत नाही, एका थ्रेडला एका वेळी एकच मालक.

माझ्या मॉनिटरच्या कडेला त्या संध्याकाळपासून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर जीडीबीची एक ओळ आहे, बॅच मोडमधली: अटॅच हो, सगळ्या थ्रेडची रजिस्टरं आणि बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठे आलो त्याची यादी) फाइलमध्ये टाक, सोड. सेकंदाच्या आसपास काम होतं, आणि मग ती फाइल चहाबरोबर कितीही वेळ वाचत बसता येतं. ओळीच्या खाली बायकोने पेनने लिहिलंय, 'आधी सोड, मग चहा.'