काचेवरच्या पाटल्या

औसा तालुक्यातल्या एका शाखेत मी सोनेतारण बघत होतो. पेरणीचे दिवस, खता-बियाण्यासाठी दागिने घेऊन येणाऱ्यांची रीघ. एक माय-लेक आले. मावशींनी पदराची गाठ सोडून दोन पाटल्या अन् बोरमाळ काचेवर ठेवली. पाटल्या आतून घासून गुळगुळीत झालेल्या. सराफानं एक पाटली कसाच्या दगडावर ओढली, तेव्हा मावशींनी तोंड फिरवलं.

"खतासाठी," पोरगा म्हणाला. रान तीन एकर. किती पाहिजेत? "बसतेत तेवढे द्या." शेतकरी असं कधी मागत नाही, त्याचा पोत्यांचा हिशेब ठरलेला असतो. मी त्याला बाहेर चहाला नेलं.

मित्रांबरोबर तो गोव्याला गेला होता. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर रूलेट, म्हणजे फिरत्या चाकात गोळी कुठल्या रंगाच्या घरात पडते यावरचा जुगार. लाल रंगावर हजार लावायचे, हरलं की दुप्पट. लाल आला की सगळं वसूल. "सलग आठ येळा लाल आलाच नाही, साहेब. नवव्यांदा येणारच होता. पैसेच सरले."

मी पावतीच्या पाठीवर आकडे मांडले. १०००, २०००, ४०००... आठवा डाव १,२८,०००. बेरीज २,५५,०००. अन् लाल आला असता तर पदरात पडणार होते फक्त हजार! चाकाला ३७ घरं. १८ लाल, १८ काळी, एक हिरवं शून्य. मागं काय पडलं ते चाकाला माहीत नसतं. नवव्यांदाही लालची घरं १८च. शिवाय एका पैजेला किती लावायचे याची टेबलावर मर्यादा असते, म्हणजे पैसे असले तरी दुप्पट करणं कुठंतरी थांबतंच.

त्यानं कागद नीट वाचला. "म्हंजे दहा लाख घेऊन बसलो असतो तर जमलं असतं."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

सोनं मावशींचं, सही मावशींची. त्यांच्यापासून लपवणं मला जमलं नाही. पोरालाच सांगायला लावलं. त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आधीचं पैसं कुणाचं होतं?" सावकाराचे. अडीच लाख, शेकडा पाचनं. महिन्याला साडेबारा हजार नुसतं व्याज.

"त्याचं फिटंल तेवढंच द्या," मावशी म्हणाल्या.

रक्कम तुमच्या खात्यात पडेल, मी म्हणालो.

"मग आधी कार्ड बंद करा. ह्याच्यापाशी असतंय."

पोरानं खिशातून एटीएम कार्ड काढलं अन् पाटल्यांशेजारी काचेवर ठेवलं.